उष्टावणानंतरची वाटी

पहिल्या सहा महिन्यांत बाळाला आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही लागत नाही, हे आता बहुतेक घरांपर्यंत पोहोचले आहे. परंतु सहा महिने पूर्ण झाल्यावर त्याच्या वाटीत काय असावे, ते किती दाट असावे आणि दिवसातून किती वेळा भरवावे, याविषयीची समज अजून तितकी रुजलेली नाही. आईचे दूध चालू ठेवून त्याच्या जोडीने जे अन्न दिले जाते त्याला पोषणशास्त्रात पूरक आहार म्हणतात आणि घरोघरी त्यालाच वरचे खाणे म्हटले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील सहा ते आठ महिने वयाच्या बाळांपैकी सुमारे ४६ टक्के बाळांनाच आईच्या दुधासोबत घन किंवा अर्धघन अन्न मिळत होते, तर सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांत वयाला पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम ११ टक्के होते. महाराष्ट्रात याच सर्वेक्षणात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील जवळजवळ ६९ टक्के मुलांच्या रक्तात लोहयुक्त रंगद्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, कमी भरले. यात गरिबीचा वाटा मोठा असला तरी सारा दोष तिच्यावर ढकलता येत नाही, कारण धान्याचे डबे भरलेल्या घरांतही बाळाच्या वाटीत अन्नापेक्षा पाणीच जास्त असते. मराठी स्वयंपाकघरात बाळाला लागणारे जवळजवळ सारे काही आहे. उणीव आहे ती दाटपणाची, लोहाची आणि वय वाढेल तसे खाणे बदलत नेण्याची.

वरचे खाणे सुरू करण्याचे वय पूर्वी चार ते सहा महिने असे सैलपणे सांगितले जाई. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक सभेने पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान आणि त्यानंतर पूरक आहार ही शिफारस स्वीकारली आणि भारतानेही तीच मानली. यामागे दोन बाजूंनी येणारी कारणे आहेत. सहा महिन्यांच्या आधी बाळाची मान पुरती सावरलेली नसते, तोंडात आलेली घट्ट वस्तू जिभेने बाहेर लोटण्याची उपजत प्रतिक्रिया शिल्लक असते, आणि बाहेरचे अन्नपाणी पोटात गेले की जुलाबाचे जंतूही त्याबरोबर जातात व आईचे दूध तेवढे कमी प्यायले जाते. उलट सहा महिन्यांनंतर निव्वळ दुधावर बाळाची भूक आणि वाढ भागत नाही, आणि गर्भात असताना त्याने आईकडून साठवून आणलेले लोह याच सुमारास संपत आलेले असते. आधार दिल्यावर बसता येणे, मान स्थिर राहणे, दुसऱ्याच्या ताटाकडे टक लावून हात पुढे करणे आणि चमचा जवळ आल्यावर तोंड उघडणे, ही बाळ तयार झाल्याची लक्षणे होत. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत हा हिशेब वेगळा मांडावा लागतो आणि तो डॉक्टरांकडूनच करून घ्यावा.

उष्टावण मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची रूढी अनेक घरांत आहे. तिच्यामुळे एखाद्या मुलीचे उष्टावण पाचव्या महिन्यातच उरकले जाते, किंवा सातव्यातला मुहूर्त हुकला म्हणून नवव्या महिन्यापर्यंत लांबवले जाते, आणि दोन्ही प्रकारांत नुकसान बाळाचेच होते. मामाच्या मांडीवर बसवून बाळाला खिरीचे बोट चाटवणे हा घराचा आनंदाचा सोहळा आहे आणि तो सोयीच्या दिवशी खुशाल व्हावा; मात्र रोजच्या खाण्याची सुरुवात जन्मतारखेपासून १८० दिवस भरल्यावर लगेच व्हायला हवी, मग सोहळा त्याच्या मागे असो वा पुढे. सहावा महिना लागला याचा अर्थ बाळाचे पाचच महिने पूर्ण झाले आहेत, ही बोटांवरची मोजणीही घरातल्या मोठ्यांनी एकदा नीट करून घ्यावी, कारण एका महिन्याची चूक नेमकी इथेच होते.

आता मुख्य मुद्दा, दाटपणाचा. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा ते आठ महिन्यांच्या काळात दुधाव्यतिरिक्त दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी ऊर्जा वरच्या खाण्यातून मिळावी लागते. नऊ ते अकरा महिन्यांत ती गरज ३०० पर्यंत आणि वर्षाच्या पुढे ५५० पर्यंत जाते. जठराची क्षमता मात्र वजनाच्या दर किलोमागे अंदाजे ३० मिलिलिटर एवढीच असते, म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी फार तर २०० मिलिलिटरच्या आसपास मावते, आणि एवढ्या जागेत दूधही बसवायचे असते. अन्नाच्या एका ग्रॅममध्ये किती ऊर्जा आहे या मापाला ऊर्जाघनता म्हणतात. ज्या भाताच्या पेजेत दर ग्रॅममागे ०.३ किलोकॅलरी असते ती पोटभर पाजली तरी त्यातून ६० किलोकॅलरी मिळतात, बाळ तृप्त होऊन झोपी जाते, आणि आईला वाटते की जेवण झाले. पूरक आहाराची ऊर्जाघनता ग्रॅममागे ०.८ किलोकॅलरी किंवा अधिक असावी, असे तज्ज्ञ धरतात.

या कसोटीवर डाळीचे पाणी सपशेल नापास होते. वरणाच्या पातेल्यात वर आलेले पिवळसर पाणी पचायला हलके म्हणून महिनोन्‌महिने पाजण्याची पद्धत शहरात आणि खेड्यात सारखीच रूढ आहे. परंतु डाळीतली प्रथिने, म्हणजे शरीराची बांधणी करणारे घटक, आणि तिची पिष्टमय ऊर्जा हे दोन्ही खाली बसलेल्या गाळात राहतात आणि पाण्यात उतरतो तो रंग, मीठ आणि थोडे विरघळलेले घटक. तांदळाच्या निवळीचे, भाज्यांच्या गाळलेल्या सुपाचे आणि फळांच्या रसाचेही असेच आहे. घोटून एकजीव केलेली डाळ सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला पचते, आणि ती पचणार नाही ही भीती मनातून काढून टाकणे हे बाळाच्या आहारातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठे पाऊल आहे. परीक्षा सोपी आहे: चमचा तिरपा केला की अन्न पाण्यासारखे ओघळून न जाता हळूहळू घसरून पडावे.

हा दाटपणा जुन्या पिढीतल्या अनेक बायकांना अनुभवाने कळत होता, याची साक्ष खिमटीसारखा पदार्थ देतो. खिमट करताना तांदूळ आणि मुगाची डाळ साधारण दोनास एक या प्रमाणात घेऊन धुतात, कापडावर सावलीत कोरडी करतात, मंद आचेवर रंग किंचित बदलेपर्यंत वेगवेगळी भाजतात आणि रवाळ भरड काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात. भाजल्यामुळे धान्यातला ओलावा जाऊन भरड टिकते, तिला खमंगपणा येतो आणि ती लवकर शिजते. तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जो मेथिओनिन कमी पडतो तो तांदूळ पुरवतो, म्हणून दोन्ही एकत्र खाल्ल्यावर त्या प्रथिनाचा दर्जा वाढतो. दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम, भरड पाऊण वाटी पाण्यात शिजवली की तिच्यातून सुमारे ७० किलोकॅलरी मिळतात, आणि वरून एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, साजूक तूप घातले की आणखी ४५. एवढ्या लहानशा वाटीत बाळाच्या दिवसभराच्या वरच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक भाग बसतो, आणि त्यात तुपाचा वाटा किती मोठा आहे हे या आकड्यांवरून कळते. बाळाच्या अन्नातले तूप किंवा तेल हा चैनीचा भाग समजून हात आखडता घेणाऱ्या घरांनी एवढा हिशेब जरूर करावा. गुरगुट्या भात आणि घट्ट वरण, मऊ खिचडी, कुस्करलेले रताळे, लाल भोपळा किंवा बटाटा, कुस्करलेले केळे, चिकू आणि पिकलेला आंबा हे सारे याच दाटपणाच्या कसोटीला उतरतात.

नाचणीचे सत्त्व हा विषय थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण एकाच नावाखाली दोन वेगळे पदार्थ केले जातात आणि त्यांचे गुण सारखे नाहीत. पहिल्या पद्धतीत नाचणी भिजवून वाटतात, कापडातून गाळून तिचे दूध काढतात, ते निवळू देऊन तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. हा साका मऊ आणि पचायला सोपा असला तरी तो मुख्यतः पिष्टच असतो, आणि नाचणीतले पुष्कळसे प्रथिन व खनिजे चोथ्याबरोबर फेकली जातात. दुसऱ्या पद्धतीत नाचणी रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून तिला मोड आणतात, मग सावलीत वाळवून, हलके भाजून दळतात आणि बारीक चाळणीने चाळतात. नाचणीचे मोल तिच्यातल्या कॅल्शियममुळे आहे, जे १०० ग्रॅममध्ये सुमारे ३४० ते ३६० मिलिग्रॅम असते आणि तांदूळ किंवा गव्हापेक्षा कितीतरी पटींनी जास्त भरते. परंतु धान्यांत फायटेट नावाचे संयुगही असते, जे लोह, जस्त आणि कॅल्शियमला धरून ठेवते आणि आतड्यात शोषू देत नाही. भिजवल्याने आणि मोड आणल्याने ते कमी होते. म्हणून बाळासाठी दुसरी पद्धतच निवडावी.

मोड आणण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो दाटपणाच्या प्रश्नाला थेट जाऊन भिडतो. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज हे विकर, म्हणजे पिष्ट तोडून लहान तुकडे करणारे प्रथिन, तयार होते. घट्ट शिजवलेल्या लापशीत मोडाच्या धान्याचे चमचाभर पीठ ती गरम, पण उकळत नसताना मिसळले, तर हे विकर काही मिनिटांत लापशीला सैल करते आणि पाणी न वाढवता ती बाळाला गिळता येते; त्यानंतर तिला एक उकळी देणे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या तत्त्वावर पुष्कळ संशोधन केले आणि भारतीय बाळांच्या आहारात त्याचा उपयोग कसा करावा हे दाखवून दिले. इतके उपयोगी आणि इतके स्वस्त ज्ञान चार दशकांनंतरही घरोघरी पोहोचू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

ऊर्जेनंतरची दुसरी मोठी उणीव लोहाची. आईच्या दुधात लोह थोडे असते आणि ते चांगले शोषले जाते, परंतु सहा महिन्यांनंतर वेगाने वाढणाऱ्या बाळाला ते पुरत नाही. या वयात लोहाची कमतरता राहिली तर रक्तक्षयाबरोबर मेंदूच्या विकासावरही परिणाम होतो आणि तो पुढे भरून निघेलच असे नसते. प्रसूतीच्या वेळी नाळ निदान एक मिनिट उशिरा बांधली तर बाळाकडे लोहाचा साठा अधिक येतो, ही गोष्ट प्रसूतिगृहाची. घराच्या हातातली गोष्ट म्हणजे लोहयुक्त अन्न वरच्या खाण्याच्या पहिल्या दिवसांपासून देणे. मांसातले, यकृतातले आणि मासळीतले लोह शरीर सहज शोषून घेते, तर डाळी, पालेभाज्या आणि धान्यांतले लोह त्या मानाने कमी शोषले जाते. त्याला मदत करते ते क जीवनसत्त्व, म्हणून घोटलेल्या डाळीवर लिंबाचे चार थेंब पिळणे किंवा जेवणासोबत पेरू वा संत्र्याचा मऊ गर देणे ही लहान वाटणारी कृती फार मोलाची ठरते. आणि त्याला अडवतो तो चहा, म्हणून बशीत चहा ओतून त्यात बिस्कीट बुडवून बाळाला भरवणे हे लाडाचे नसून लोहाच्या चोरीचे काम आहे. रक्तक्षय रोखण्यासाठी सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोह व फॉलिक आम्लाचे एक मिलिलिटर औषध देण्याची व्यवस्था सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे, आणि आशा किंवा अंगणवाडी सेविकेकडे त्याची चौकशी अवश्य करावी.

मांसाहारी घरांतही बाळाला अंडे, मासे, मटण यांपासून वर्षभर दूर ठेवण्याची चाल आहे, आणि तिला काहीही आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा महिन्यांपासूनच प्राणिजन्य अन्न रोजच्या आहारात असावे. पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून, मटणाचा खिमा बारीक वाटून किंवा माशाचे काटे बोटांनी दोनदा तपासून काढलेला मऊ गर भातात कालवून देता येतो. कोकणात आणि गोव्यात आजाऱ्याला देण्याजोगे म्हणून मानलेले मुडदुशांसारखे हलके मासे याला उत्तम. शाकाहारी घरांत दही, पनीर आणि डाळींवर भर द्यावा लागतो, आणि तिथे ब-१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहावा लागतो, कारण ते वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली पुण्याजवळच्या खेड्यांत झालेल्या प्रदीर्घ अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये ब-१२ कमी आढळले. आईच्या शरीरात ते कमी असेल तर दुधातही कमी उतरते; म्हणून अंगावर पाजणाऱ्या शाकाहारी आईने स्वतःची तपासणी करून घेणे हा बाळाच्याच आहाराचा भाग समजला पाहिजे.

बाळाला जे देऊ नये त्यात मधाचे नाव पहिले घ्यावे लागते, कारण मराठी घरांत तो जन्मापासून बाळाच्या जिभेवर ठेवला जातो आणि बाळगुटी उगाळून त्यात कालवली जाते. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू, म्हणजे कवच धारण करून निद्रिस्त राहिलेले रूप, असू शकतात आणि साध्या उकळण्याने ते मरत नाहीत. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही. परंतु वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात, ज्याने स्नायू लुळे पडतात. १९७६ साली कॅलिफोर्नियात या आजाराची प्रथम ओळख पटली. बद्धकोष्ठ, क्षीण झालेले रडणे, दूध ओढण्याची ताकद कमी होणे आणि अंग सैल पडणे अशी त्याची लक्षणे असून तो क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. तेव्हा एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध कोणत्याही रूपात नको. गुटीतले वेखंड आणि जायफळ हेही प्रमाण चुकले तर अपायकारक ठरतात, आणि सहाणेवर किती वळसे उगाळले याचा हिशेब घराघरात वेगळा असतो. आजीच्या मायेचा मान राखून तिला हे नीट समजावून सांगता येते आणि ते सांगितलेच पाहिजे.

वर्षाच्या आत वेगळे मीठ आणि साखर घालण्याची गरज नाही. बाळाच्या मूत्रपिंडांना जादा मीठ बाहेर टाकणे जड जाते, आणि पहिल्या वर्षात लागलेली गोडाची सवय दातांना आणि पुढच्या वजनाला भोवते. गुळात लोह असते म्हणून तो मुक्तहस्ताने घालण्याचा आग्रह असतो, पण बाळाला चालेल एवढ्या गुळातून मिळणारे लोह नगण्य आहे आणि उरते ती साखरच. गाईचे किंवा म्हशीचे दूध अंगावर पिणाऱ्या बाळाला वर्षाच्या आत मुख्य पेय म्हणून देऊ नये, कारण त्यात लोह फार कमी असते, ते इतर अन्नाची जागा अडवते आणि काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव घडवते. लापशीत घातलेले थोडे दूध किंवा वाटीभर ताजे दही यांना मात्र हरकत नाही.

शेंगदाण्याच्या बाबतीत गेल्या दशकात वैद्यकाचे मत पूर्ण बदलले. पूर्वी ॲलर्जीच्या, म्हणजे शरीराच्या अतिसंवेदनशील प्रतिक्रियेच्या, भीतीने तो लांबवण्याचा सल्ला पाश्चात्त्य देशांत दिला जाई. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, ६४० बाळांवरील ब्रिटनमधील एका चाचणीत असे दिसून आले की ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या बाळांना अकरा महिन्यांच्या आत शेंगदाण्याचे पदार्थ नियमित देऊ लागल्यास पुढे ॲलर्जी होण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटते. ज्या घरात रोजच्या भाजीत दाण्याचे कूट पडते तिथे हे सहज साधते: भाजलेल्या दाण्यांचे अगदी बारीक कूट खिमटीत किंवा लापशीत चिमूटभरापासून सुरू करून मिसळावे. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी आढळली असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करावे. दाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे आणि कडवट लागणारे दाणे काढून टाकावेत, कारण त्यांत अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक ठरणारे बुरशीचे विष असू शकते, आणि भाजल्याने ते पुरते जात नाही.

कूट जितके उपयोगी, तितकाच अख्खा दाणा धोक्याचा. मुलाच्या श्वासनलिकेची रुंदी आणि शेंगदाण्याची जाडी यांचे जुळणे किती घातक ठरते हे लहान मुलांच्या शस्त्रक्रिया विभागातील प्रत्येक डॉक्टर जाणतो. अख्खे दाणे, फुटाणे, चणे, मक्याच्या लाह्या, खोबऱ्याचे तुकडे, कच्च्या गाजराचे काप, अख्खी द्राक्षे, सुपारी, आणि बोर, जांभूळ, सीताफळ यांच्या बिया चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. द्राक्ष द्यायचेच तर उभे चार भाग करून द्यावे. नवे अन्न तोंडात घोळवताना बाळाला ओकारीसारखी उबळ येणे, चेहरा लाल होणे आणि ठसक्याने घास पुढे येणे हे गिळायला शिकण्यातले नेहमीचे आहे. परंतु आवाज बंद होणे, खोकता न येणे आणि ओठ निळे पडणे म्हणजे श्वास अडकला आहे. अशा वेळी तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच ठोके द्यावेत, मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब द्यावेत, आणि घास निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवून त्याच वेळी मदत बोलवावी. घरातल्या निदान दोघांना हे करता आले पाहिजे.

प्रमाणाचा साधा अंदाज असा की सुरुवातीला दिवसातून दोनदा दोन-तीन चमचे, मग आठव्या महिन्यापर्यंत दोन ते तीन वेळा अर्धी वाटी, नवव्या महिन्यापासून तीन ते चार वेळा अर्धी ते पाऊण वाटी आणि मध्ये एखादे फळ, आणि वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. बाळाची वाटी वेगळी असावी. आईच्या ताटातून भरवले की किती खाल्ले हे कळत नाही. मिक्सरमधून फिरवलेले गुळगुळीत अन्न पहिले काही आठवडेच ठीक असते. त्यानंतर हाताने कुस्करलेले, मग बारीक कणीदार, आणि नऊ-दहा महिन्यांपर्यंत हातात धरून चघळता येईल असे उकडलेल्या बटाट्याचे किंवा मऊ पोळीचे तुकडे द्यावेत, कारण कणीदार अन्नाची ओळख या काळानंतर लांबली तर पुढे चावण्याचा कंटाळा आणि खाण्याची कुरकुर वाढते. नाकारलेला पदार्थ काही दिवसांनी पुन्हा द्यावा. आठ-दहा वेळा चव घेतल्यावरच अनेक बाळे तो स्वीकारतात. मोबाइलवरचे चित्र दाखवून तोंडात घास सारणे सोयीचे वाटते, परंतु त्यामुळे पोट भरल्याची स्वतःची खूण बाळाला ओळखता येत नाही; त्याच्याकडे पाहून, बोलत, ते तोंड उघडेल तसे भरवणे आणि मान वळवली की थांबणे हेच खरे भरवणे.

जुलाबाचा सर्वाधिक धोका नेमका वरच्या खाण्याच्या पहिल्या महिन्यांत असतो, त्यामुळे स्वयंपाकापूर्वी आणि भरवण्यापूर्वी साबणाने हात धुणे, उकळून थंड केलेले पाणी वापरणे, शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक उघड्यावर न ठेवणे आणि दुधाच्या बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरणे, यांत कसूर करून चालत नाही; बाटलीच्या बोंडीतला चिकट थर नीट निघत नाही आणि जंतूंना तो फार मानवतो. डबाबंद बालआहार घ्यायचाच तर वेष्टनावर साखरेचा उल्लेख आहे का ते वाचावे. स्वित्झर्लंडमधील ‘पब्लिक आय’ या संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत भारतात विकल्या जाणाऱ्या एका नामांकित बालआहारात वरून घातलेली साखर आढळली, तर त्याच उत्पादकाचा युरोपातील काही देशांत विकला जाणारा तसाच माल बिनसाखरेचा होता. दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या अशा पदार्थांच्या जाहिरातीवर आणि प्रसारावर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने आणि त्यातील २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे, ही गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी घरी नेण्याचा शिधा मिळतो. तो साऱ्या घरात वाटला गेला की बाळाच्या वाट्याला चमचाभरच येतो, म्हणून तो डबा वेगळा ठेवावा. राज्याच्या आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी किंवा केळी मिळतात, आणि तो त्या मुलांचा हक्क आहे.

बाळाला जुलाब किंवा ताप आला की वरचे खाणे बंद करून पेज-पाण्यावर ठेवण्याची चाल मात्र तातडीने सुटायला हवी, कारण आजारात शरीराची गरज वाढते आणि उपासाने आजार लांबतो. अंगावर पाजणे जास्त वेळा करावे, क्षारसंजीवनीचे पाणी चमच्या-चमच्याने द्यावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताची गोळी चौदा दिवस पूर्ण द्यावी, आणि मऊ खिचडी, दहीभात, कुस्करलेले केळे असे नेहमीचे अन्न थोडे-थोडे पण अधिक वेळा भरवत राहावे. डोळे खोल जाणे, लघवी फार कमी होणे, शौचात रक्त किंवा अंगात ग्लानी दिसली तर घरी थांबू नये. आजार सरल्यावर किमान दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यावे, म्हणजे घटलेले वजन भरून येते. ते भरले की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी दर महिन्याला अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावरच्या तक्त्यात त्याचा ठिपका मांडून घ्यावा, आणि लागोपाठ दोन महिने ती रेघ वर चढली नाही तर बाळ हसते-खेळते दिसत असले तरीही डॉक्टरांकडे न्यावे.